उन्हाळी काम हवं, पण पैसे भरून नको

फेब्रुवारी लागला की मला नामपूरहून फोन यायला लागतात. आधी तब्येत, मग कांद्याचा भाव, आणि शेवटी मूळ विषय, "अन् ते जरा पोराचं बघायचं होतं." पोरगं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतं, नाहीतर बीसीएला. त्याला सुट्टीत 'कंपनीत कुठंतरी लावून द्या' एवढीच मागणी असते. मी नाशकात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे चार-पाच कंपन्यांच्या किल्ल्या माझ्या खिशात असणार असा सगळ्या भाऊबंदांचा प्रामाणिक समज आहे. (एक किल्ली आहे. ऑफिसातल्या जिन्याखालच्या कपाटाची.)

गेल्या दोन-तीन वर्षांत या फोनांमध्ये एक नवीन वाक्य आलंय. "थोडेफार पैसे भरायची तयारी आहे." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक-दोन नातेवाईक त्यावरून दुखावलेही गेले. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. म्हणजे पुढच्या वेळी फोनवर वाद नको, सरळ हे वाचायला सांगता येईल.

मंडळी, माझं मत अगदी साधं आहे. काम केलं की पैसे मिळतात. फार तर, शिकाऊ आहे म्हणून कमी मिळतील. पण काम देणारा जर तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर तो काम देत नाहीये. तो क्लास विकतोय किंवा नुसता कागद विकतोय. क्लास घ्यायला माझी हरकत नाही, पण मग त्याला क्लास म्हणा ना!

हा कागदाचा धंदा कसा चालतो ते ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांनी ऐकून ठेवा. मुलाच्या फोनवर किंवा मेलवर संदेश येतो, 'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.' मुलाखत झालेली नसते, कोणी चार प्रश्नही विचारलेले नसतात. पाठोपाठ छानसा रंगीत 'ऑफर लेटर' येतो, त्यावर कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह. मग महिन्याभरात तीन-चार 'टास्क' करायचे. एक कॅल्क्युलेटर, एक कामांची यादी ठेवणारं पान, एक स्वतःची वेबसाईट. हे सगळं गिटहबवर तयार सापडतं, मुलं तिथूनच उचलतात, आणि कंपनीलाही ते ठाऊक असतं. शेवटी त्याचा व्हिडिओ करून लिंक्डइनवर टाकायचा आणि त्यात कंपनीचं नाव जोडायचं. म्हणजे फुकटात जाहिरातही आपल्याच पोरांनी करायची. आणि सर्टिफिकेट हवं असेल तर शंभर रुपयांपासून पाचशेपर्यंत काय सांगतील ते भरायचे. हा झाला स्वस्तातला प्रकार. महागातल्या प्रकारात पुण्यात एखाद्या इमारतीत दोन खोल्यांचं ऑफिस असतं आणि 'लाइव्ह प्रोजेक्ट'च्या नावाखाली काही हजार रुपये घेतात. माझ्या भाच्याच्या एका मित्राने गेल्या वर्षी असे साडेसात हजार भरले. तिसऱ्या आठवड्यात शिकवणारा माणूस यायचा बंद झाला. मुलं आपापला लॅपटॉप उघडून यूट्यूब बघत बसायची. तेच बघायचं होतं तर घरी ओट्यावर बसून बघितलं असतं की.

ओट्यावरून आठवलं. पुण्याला जाणं म्हणजे काय, याचा हिशेब भाच्याने मला वहीत मांडून दाखवला होता. कॉट बेसिसवर साडेचार हजार, मेसचे तीन हजार दोनशे, बस आणि चहापाणी धरून महिन्याला नऊ-दहा हजार. दोन महिन्यांचे वीस, वर डिपॉझिट. आणि ज्या इंटर्नशिपसाठी हे करायचं तिचा मोबदला शून्य, 'अनुभव मिळेल'. पुण्यात स्वतःचं घर असलेल्या मुलाला असा फुकटचा अनुभव परवडतो, आई सकाळी डबा देते आणि तो मेट्रोने जातो. आमच्या मोसम खोऱ्यातल्या मुलाला तोच अनुभव वीस-पंचवीस हजारांना पडतो. बिनपगारी इंटर्नशिप 'सगळ्यांना खुली' असते असं म्हणणाऱ्यांनी हा वहीतला हिशेब एकदा बघावा.

आणि हे पैसे जाण्याच्या बाजूचं झालं. घरचं काय अडतं हे तर कोणी बोलतच नाही. मार्च ते मे म्हणजे आमच्याकडे उन्हाळ कांदा काढायचे दिवस. काढणी, पात कापणी, निवड, चाळीत भरणं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर उक्तं मागतात. त्या वेळी घरातला वीस वर्षांचा गडी शहरात जाऊन फुकट बसतो, तेव्हा त्याच्या जागी रोजाने माणूस लावावा लागतो. माझी ताई कधी बोलून दाखवत नाही, पण 'इंटर्नशिप' या शब्दाची किंमत तिला पक्की माहीत आहे.

मजा म्हणजे ज्या महाराष्ट्रात हे चाललंय, तिथे याच्या बरोबर उलट विचार करणारा माणूस होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि त्या श्रमावर शिकायची. 'कमवा आणि शिका' हे नाव पुढे इतकं रूढ झालं, की आजही पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने ही योजना चालते आणि कॉलेजातली मुलं ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात तासावर काम करून चार पैसे मिळवतात. तिथून आपण शंभर वर्षांत 'भरा आणि शिका' पर्यंत आलो. यात प्रगती कुठे आहे ती मला कोणीतरी दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, मुलांनी मग करायचं काय? बरोबर आहे. म्हणून भाच्याचा गेला उन्हाळा सांगतो.

परीक्षा आटोपून तो घरी आला. सकाळी कांदे आणि दुपारी अकरा ते सहा नामपुरातलं एक कृषी सेवा केंद्र. ओळखीचं दुकान. शेठना हवं होतं ते असं, की औषधांच्या बाटल्यांची मुदत संपायच्या आत कळलं पाहिजे, म्हणजे माल कंपनीला परत करता येतो. आणि उधारी वहीतून संगणकात यायला हवी. भाच्याला वाटलं हे पंधरा दिवसांचं काम. पगाराची गोष्ट काढल्यावर शेठ म्हणाले, "तू त शिकी ऱ्हायना, मंग पैसा कसाले?" (अहिराणी न येणाऱ्यांसाठी: तू तर शिकतोयस, मग पैसे कशाला.) म्हणजे पुण्यातल्या कंपनीचं तत्त्वज्ञान नामपुरातही पोचलेलंच आहे! पण हा बाजारसमितीत बापाबरोबर उभा राहून वाढलेला मुलगा. त्याने घासाघीस करून महिना चार हजारांवर गाडी आणली.

दोन महिन्यांत तो जे शिकला ते मला तरी दोन वर्षांत कळलं नव्हतं. पहिलाच धडा नावांचा. दुकानात एकाच नावाची, एकाच आडनावाची तीन-तीन माणसं. खुद्द शेठ त्यांना ओळखतात गावावरून, मळ्यावरून, बापाच्या नावावरून, कधी तर गाडीच्या रंगावरून. याने कॉलेजात शिकवल्याप्रमाणे नाव आणि मोबाईल नंबर ठेवला, तर निम्म्या लोकांचे नंबर बदललेले आणि उरलेल्यांतले निम्मे मुलाच्या नावावर. शेवटी 'शेठ काय म्हणून ओळखतात' असा एक वेगळा रकानाच करावा लागला. दुसरा धडा विजेचा. बिल निम्मं भरलेलं असताना वीज गेली, आणि माल कमी झाला पण बिल झालंच नाही, असा घोळ दोनदा झाला. तेव्हा त्याने रात्री मला फोन केला, "मामा, ट्रान्झॅक्शन म्हणजे काय ते आत्ता समजलं." पुस्तकात ते त्याने आधीच वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

तिसरा धडा माझ्या सगळ्यात आवडीचा. त्याने उत्साहाने असं केलं, की उधारी थकली की शेतकऱ्याला आपोआप व्हॉट्सअॅप जावा. शेठनी हातच जोडले. म्हणाले, भाव पडलेला असताना माणसाला असा मेसेज गेला तर तो उद्या दुसऱ्या दुकानात जाईल, आणि दुखावेल ते वेगळंच. कोणाला कधी आठवण करायची ते मी ठरवणार, तू मला फक्त यादी दे. पुण्यातला कुठला ट्रेनर हे शिकवणार होता सांगा! सॉफ्टवेअर वापरणारा माणूस समोर खुर्चीत बसलेला असला आणि तो नाही म्हणाला, की जे शिक्षण होतं ते कॅल्क्युलेटर बनवून होत नाही.

मलाही हे थोडंफार अनुभवाने माहीत आहे. कॉलेजच्या सुट्टीत मी एका डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीत लग्नपत्रिका टाइप करायचो, महिना सहाशे रुपये. वराच्या आजोबांचं नाव चुकलं तर काय होतं हे ज्याने पाहिलंय, तो पुढे आयुष्यभर माल देण्याआधी दोनदा तपासतो. असो, स्वतःचं पुराण पुरे.

खरी गंमत पुढे आहे. भाचा जूनअखेरीला कॉलेजात गेला, दुकानाचं पत्र, शेठची सही, शिक्का, प्रोग्रामची चित्रं सगळं घेऊन. तिथे सांगण्यात आलं, दुकान चालणार नाही, आयटी कंपनीचं लेटरहेड पाहिजे. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, पाचशे रुपयांत आलेली सर्टिफिकेटं मुकाट्याने फाईलला लागत होती. शेवटी त्याने एका ऑनलाईन कोर्सचं सर्टिफिकेट जोडलं आणि सुटला. दुकानात तो प्रोग्राम आजही चालू आहे. कॉलेजच्या दप्तरी तो उन्हाळा झालेलाच नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं नाहीच. इंजिनिअरिंगला इंटर्नशिप अभ्यासक्रमात आली, नवीन शैक्षणिक धोरणानंतर कला-वाणिज्य-विज्ञानालाही 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. कल्पना चांगलीच आहे. पण हजारो मुलांना एकाच वेळी अनुभवाचा कागद आणायला सांगितलं आणि तालुक्याच्या गावी तो अनुभव कुठून येणार याचा विचार केला नाही, की कागदाचं दुकान निघणारच. मागणी आली की पुरवठा येतो, हे कांदेवाल्यांना सांगायला नको. माझं म्हणणं, सरांनी लेटरहेड बघूच नये. तीन गोष्टी विचाराव्या. तू केलेलं कोण वापरतं? त्याचा नंबर दे, मी आत्ता फोन लावतो. आणि तुला पैसे किती मिळाले? या तिसऱ्या प्रश्नाला 'मीच दिले' असं उत्तर आलं तर फाईल परत करावी.

पण गावातल्या कामाची आरतीही मला ओवाळायची नाही. भाच्याच्या कामात एक मोठी उणीव होतीच, त्याच्या वर कोणी नव्हतं. त्याने लिहिलेला कोड वाचून "हे असं का?" म्हणणारं माणूस नामपुरात नाही. मी रविवारी फोनवर थोडं बघायचो, पण ते काही खरं नव्हे. दोन उन्हाळे असे एकट्याने काढले तर वाईट सवयी पक्क्या होतात. म्हणून दुसरी वाट ठाऊक असायला हवी, आणि तीही पैसे न भरता.

आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालणारा. सायलॅब, पायथन, ईसिम, ओसडॅग अशा मुक्त सॉफ्टवेअरवर तिथे काम चालतं. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांचं नाव या कामाशी आणि 'स्पोकन ट्युटोरियल'शीही जोडलेलं आहे. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपला निवड होते ती दिलेलं काम करून दाखवल्यावर, कॉलेजचं नाव बघून नाही. तिथे 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' म्हणूनही एक प्रकार आहे. एखाद्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या भाषेत लिहून द्यायची, ती तपासली जातात आणि मान्य झाली की मानधन मिळतं. हे काम नामपुरात बसून होतं. विशेष चमकदार नाही, कोणी हार घालत नाही. पण तपासणारा माणूस आहे आणि पैशाची दिशा बरोबर आहे.

गूगल समर ऑफ कोडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते २००५ पासून चालू आहे. आधी फक्त विद्यार्थ्यांना होतं, २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुलं झालं. जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांबरोबर घरून काम, सोबत मार्गदर्शक, आणि मोबदला डॉलरमध्ये, देशाप्रमाणे कमीजास्त. अवघड आहे, खोटं कशाला सांगू. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पण ज्या संस्थेत काम करायचं तिथे त्याआधीच दोन-चार महिने लुडबुड केलेली असावी लागते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात. इंग्रजीत लिहावं लागतं. तरीही नाकारलं गेलं तर गमावलेलं काय? चार महिने खरा कोड वाचला, तेवढंच. साडेसात हजार तरी वाचले!

आणि नाशिक जिल्हा काही ओसाड नाही. २०१५ च्या कुंभमेळ्याच्या आधी इथे 'कुंभथॉन' झाला. त्यामागे होते मूळचे नाशिकचे, एमआयटीचे रमेश रासकर. निलय कुलकर्णी हा नाशिकचा मुलगा तेव्हा शाळेत होता. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ लोक गेले होते, तो विषय घेऊन त्याने आणि साथीदारांनी पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई बनवली आणि २०१५ च्या गर्दीत ती वापरून पाहिली. पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर नाशकात निघालं. तिथूनच लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी कांद्याच्या साठवणुकीवर काम सुरू केलं. साठवलेला कांदा सडायला लागला की जे वायू निघतात ते ओळखून मालकाला वेळेत सांगायचं, म्हणजे सडका बाजूला काढून बाकीचा वाचतो. 'गोदाम इनोव्हेशन्स' ही त्यांची कंपनी. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीने तिच्या गावात सगळ्यांना दिसणारी अडचण घेतली, एवढंच. आमच्याकडे गल्लोगल्ली कांदाचाळी आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातून सडका कांदा निघतो. २०२७ चा सिंहस्थही नाशिक-त्र्यंबकचाच. गर्दी, पाणी, कचरा, हरवलेली माणसं, किती कामं आहेत बघा. पण यांतली बहुतेक कामं जाहिरातीत येत नाहीत, विचारत जावं लागतं, आणि आपल्या मुलांना तेच जड जातं. फॉर्म असेल तर भरतील, पण बाजारसमितीच्या सचिवांच्या दारात जाऊन "तुमचं कुठलं काम अडतं?" म्हणायला लाज वाटते.

सरकारी योजनांबद्दलही फोन येतात, म्हणून थोडक्यात. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, दोन्ही २०२४ मध्ये सुरू झाल्या आणि दोन्हींत विद्यावेतन ठरवलेलं होतं. पण त्या होत्या शिक्षण संपवून बसलेल्या मुलांसाठी, काही महिने ते वर्षभराच्या. दोन महिन्यांच्या सुट्टीशी त्यांचा संबंध नव्हता. काका, तुम्ही पाठवलेला तो फॉरवर्ड म्हणूनच मी पुढे पाठवला नाही, राग मानू नका.

आता एक मागणं, आणि ते नातेवाईकांपेक्षा इथे येणाऱ्या ब्लॉगर दोस्तांकडे. तुमच्यापैकी निम्मेअधिक आयटीत आहात, काही जण तर माणसं घेण्याच्या खुर्चीत. दर उन्हाळ्यात एक मूल तरी घ्या, आणि पगाराचा आकडा जाहिरातीतच लिहा. 'अनुभवानुसार' असं नका लिहू, वीस वर्षांच्या मुलाला कसला अनुभव! लहान गावाहून येणाऱ्याला राहण्याचं विचारा, किंवा घरून काम द्या आणि आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्याच्याशी नीट बोला.

मी आमच्या ऑफिसात भांडून एक जागा मिळवली आहे. सहा आठवडे, महिना आठ हजार, काम टेस्टिंगचं आणि थोडं पायथनचं. राहायची सोय आमच्याकडे वरच्या खोलीत होईल, बायकोला विचारलंय. भाचा अर्ज करणार नाही, घरचा माणूस नको. ज्याला यायचं त्याने काहीतरी एक केलेलं दाखवावं, दुकानाचं असो की स्वतःच्या चाळीचं. सर्टिफिकेटं जोडू नयेत. कांदे आणि परीक्षा दोन्ही आटोपून जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं तरी चालेल.